ऋण गुणिले ऋण : धन कसे?

‘ऋण गुणिले ऋण बरोबर धन’ हे वाक्य वरच्या प्राथमिक वर्गांतील मुलांस फार लवकर पाठ होते. त्याच मुलांपुढे −३ − ४ हे उदाहरण ठेवावे, म्हणजे कित्येक वह्यांत +७ हे उत्तर उमटलेले दिसते. गुणाकाराचा नियम बेरीज-वजाबाकीवर चालविला जातो. हा दोष मुलांच्या आळसाचा नव्हे. अर्थाच्या आधी नियम हाती दिला गेला, त्याचा हा परिणाम होय.

‘ऋण’ म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण व शून्य यांच्या गणिताचे नियम दिले, त्यांत हेच शब्द आहेत. तेव्हा आरंभ उधारीच्या वहीपासून करावा. ५ रुपयांची उधारी तीनदा मांडली गेली, तर ३ × (−५) = −१५. येथवर मुलांस अडचण पडत नाही. आता दुकानदाराने तशा तीन नोंदी खोडल्या असे समजावे. गिऱ्हाइकाची स्थिती १५ रुपयांनी सुधारली; म्हणून (−३) × (−५) = +१५. येथे −५ ही रक्कम आहे, तर −३ ही खोडलेल्या नोंदींची गणती. ‘कर्जाला कर्जाने गुणले’ असे शिक्षकाने चुकूनही म्हणू नये. रुपयांना रुपयांनी गुणून हाती काय लागणार?

त्यानंतर फळ्यावर एकाखाली एक मांडावे :

३ × (−५) = −१५
२ × (−५) = −१०
१ × (−५) = −५
० × (−५) = ०
(−१) × (−५) = ?

गुणक एकेकाने उतरतो, उत्तर मात्र पाचापाचाने चढते. पुढील ओळ मुलांनीच सांगावी. शिक्षकाने क्षणभर थांबण्याचा धीर धरावा.

चौकस विद्यार्थी ‘असेच का?’ म्हणून अडून बसेल, आणि त्याने बसावेच. त्यास ३ व −३ यांची बेरीज शून्य, हे आठवून द्यावे. शून्यास −५ ने गुणले तर शून्यच. पण तोच गुणाकार फोडून केला, तर एक भाग −१५ येतो. मग दुसरा +१५ असल्यावाचून बेरीज शून्य होणारच नाही.

सरावात −३ − ४ आणि (−३) × (−४) ही उदाहरणे शेजारी शेजारी द्यावीत. उत्तर लिहिण्यापूर्वी, पहिल्यात तीनच्या उधारीवर आणखी चारची उधारी चढली आणि दुसऱ्यात चारची उधारी तीनदा खोडली, हे मुलाकडून तोंडी वदवून घ्यावे.