हुबळी-धारवाडची चिगरी बससेवा

बेळगावातून जाणारा जुना पुणे-बंगळूर रस्ता, म्हणजे आपला पी. बी. रोड, पुढे धारवाड आणि हुबळीला जोडतो. याच रस्त्यावर हुबळी आणि धारवाडदरम्यान सुमारे 22 किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे जलद बस वाहतुकीचा मार्ग आहे; त्यावरच्या बससेवेचे नाव चिगरी. जागतिक बँकेच्या मदतीने तो उभा राहिला. 2018 मध्ये त्यावर चाचणी फेऱ्या सुरू झाल्या आणि 2 फेब्रुवारी 2020 रोजी त्याचे रीतसर उद्घाटन झाले.

रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखीव पट्टा आहे. थांबेही मध्येच. तिकीट थांब्यावरच काढायचे. फलाट आणि बसची पायरी एकाच उंचीवर, त्यामुळे काठी टेकत येणारी आजीही चटकन आत शिरते. थांब्याजवळ पट्टा रुंद असल्याने जलद बस थांबलेल्या बसला मागे टाकून पुढे जाते. खरी करामत इथेच आहे. बस वेळेवर धावली, तरच लोक दुचाकी घरी ठेवतात आणि इंधन वाचते व धूर कमी होतो.

याची किंमतही मोजावी लागली. रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली, आणि नव्या रोपांना तशी सावली धरायला अनेक वर्षे लागतात. शिवाय थांब्यापर्यंत सलग पदपथ आणि उपनगरांतून जोडबस नसेल, तर राखीव पट्ट्याचा निम्मा फायदा वाया जातो.