लाकडी ठोकळ्याएवढा प्लेअर आणि त्याची गिऱ्हाइकं

नोव्हेंबर १९८४ मध्ये सोनी कंपनीने जपानी बाजारात डी-५० नावाचा सीडी प्लेअर आणला. लांबी-रुंदी सीडीच्या प्लास्टिकच्या डबीएवढी, जाडी चार सेंटिमीटरांच्या आत, वजन सुमारे सहाशे ग्रॅम आणि किंमत ४९,८०० येन. दोनच वर्षांपूर्वी, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, याच कंपनीने सीडीपी-१०१ हा पहिला घरगुती सीडी प्लेअर विक्रीला काढला होता. त्याची किंमत १,६८,००० येन होती आणि तो दिवाणखान्यातल्या कपाटात मांडून ठेवायची वस्तू होता. डी-५० हातात धरता येत होता. सोबत नेता येणारा तो पहिला सीडी प्लेअर. पुढे ‘डिस्कमन’ नावाने जगभर गेलेल्या घराण्याचा हा मूळपुरुष.

या यंत्राचा इतिहास बहुतेक वेळा इंजिनियरांच्या पराक्रमाचा म्हणून सांगितला जातो आणि तो पराक्रम खराच आहे. पण १९८४चा डी-५० आणि २००० सालचा प्लेअर शेजारी ठेवून पाहिले तर मधल्या प्रत्येक बदलामागे कुणा ना कुणा गिऱ्हाइकाची तक्रार दिसते. सेल लवकर संपतात, चालताना गाणं अडखळतं, पळताना तर बंदच पडतं. या तक्रारी करणाऱ्यांनी हे यंत्र निम्मं तरी घडवलं, असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवात मात्र लाकडाच्या एका तुकड्यापासून झाली. सीडी बाजारात आली खरी, पण प्लेअर महाग आणि तबकड्या मोजक्या, त्यामुळे पहिल्या लाटेनंतर विक्री मंदावली. वॉकमनच्या जडणघडणीत ज्यांचा मोठा हात होता ते कोझो ओसोने तेव्हा सोनीच्या ध्वनियंत्र विभागाचे प्रमुख होते. त्यांनी साधारण साडेतेरा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आणि चार सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा करून घेतला. सीडीच्या चार डब्या एकावर एक ठेवल्या की जेवढा आकार होतो, तेवढाच. प्लेअर एवढाच झाला पाहिजे, आणि एवढाच का हे विचारायचं नाही, असं त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं. सीडीपी-१०१पेक्षा कितीतरी लहान आकारात तेच काम करून दाखवायचं होतं. ते झालं. सुरुवातीला तर उत्पादनखर्चापेक्षा विक्रीची किंमत कमी होती, आणि कंपनीने तो तोटा जाणूनबुजून सोसला.

या ठोकळ्याच्या पोटात काय चालतं हे पाहिलं की गिऱ्हाइकांच्या तक्रारींचं मूळ कळतं. सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट असते, पाच किलोमीटरांहून लांब. वाटेच्या एका वेढ्यापासून दुसरा वेढा १.६ मायक्रॉनवर, म्हणजे एका मिलिमीटरात सहाशेहून अधिक वेढे. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर खालून या वाटेवरचे सूक्ष्म खळगे वाचतो. तबकडी आतल्या टोकाला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते आणि बाहेर जाता जाता २०० फेऱ्यांपर्यंत मंदावते, कारण लेसरखालून वाट सरकण्याचा वेग सारखा राहावा लागतो.

हे सगळं हजारपट मोठं करून पाहू. तबकडी होईल १२० मीटर रुंदीची, म्हणजे जवळजवळ क्रिकेटच्या मैदानाएवढी. त्या मैदानावर दर दीड मिलिमीटरला एक रेघ आखलेली. मैदान सेकंदाला आठ वेळा स्वतःभोवती फिरतं आहे आणि फिरताना अर्धा मीटर वर-खाली हेलकावतं आहे, कारण कोणतीही तबकडी अगदी सपाट नसते. या सगळ्यात आपल्याला एकच रेघ पकडून राहायचं आहे आणि नजरेचा नेम मिलिमीटराच्या लहानशा अंशापलीकडे चुकू द्यायचा नाही. प्लेअरमधली लेन्स हे काम करते. ती बारीक तारांवर किंवा पट्ट्यांवर तरंगती बसवलेली असते. विजेची वेटोळी आणि चुंबक तिला क्षणोक्षणी वर-खाली, डावी-उजवीकडे ढकलत राहतात. परत आलेला प्रकाश पाहून नेम किती चुकला ते कळतं आणि लगेच दुरुस्ती होते. घरातल्या टेबलावर ही कसरत नीट जमते. माणसाच्या खांद्याला लटकवून ती चालू ठेवायची, हा डी-५०चा खरा अचाटपणा.

गिऱ्हाइकांना पहिल्यांदा भावली ती शांतता. कॅसेटच्या फितीला स्वतःचा एक सूंऽऽ आवाज असतो. हेडफोन कानाला लावला की तो जास्तच जाणवतो. सीडीवर प्रत्येक नमुना १६ बिटांचा, त्यामुळे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत क्षीण आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर राहू शकतं. साध्या कॅसेटला हे साधत नव्हतं. आपल्याकडे ज्यांनी तानपुऱ्यांनी सुरू होणारी एखादी मैफल आधी कॅसेटवर आणि मग सीडीवर ऐकली, त्यांना हा फरक शब्दांत सांगायची गरज पडली नाही. जवारीचे सूर फितीच्या आवाजातून सुटे होऊन कानावर आले. विलंबित ख्याल ऐन रंगात असताना बाजू पालटायला उठावं लागणंही संपलं. एका तबकडीत ७४ मिनिटं बसत. हवं ते गाणं सेकंदा-दोन सेकंदांत लागायचं, पडद्यावर मिनिट-सेकंद दिसायचे, आणि एखादी तान पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला फीत झिजेल ही भीती उरली नाही.

याच शांततेतून पहिली तक्रारही आली. जुनी ध्वनिमुद्रणं सीडीवर आली तेव्हा स्टुडिओतल्या मूळ फितीची खरखरही स्वच्छ ऐकू येऊ लागली. अनेक तबकड्यांच्या वेष्टनावर कंपन्यांना खुलासा छापावा लागला की मूळ फितीतल्या उणिवा सीडी उघड करू शकते. यंत्रात दोष नव्हता, ते नको इतकं खरं बोलत होतं.

खरा वैताग विजेचा होता. डी-५०च्या अंगात सेल बसवायला जागाच नव्हती. घरात अडॅप्टर लावायचा. बाहेर न्यायचा तर वेगळी पेटी घ्यायची, तिच्यात मधल्या आकाराचे सहा सेल भरायचे, प्लेअर त्या पेटीला जोडायचा आणि सगळं पट्ट्याने खांद्याला अडकवायचं. मग लाकडी ठोकळ्याएवढ्या प्लेअरचं चांगलं जड बोचकं होई. लेसर, मोटर आणि आकडेमोड करणाऱ्या चिप्स मिळून ते सेल काही तासांत रिते करत. म्हणून पुष्कळ लोकांनी तो रस्त्यावर नेलाच नाही. घरच्या अॅम्प्लिफायरला जोडून त्यालाच मुख्य सीडी प्लेअर केलं. मोठ्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी पैशांत तोच नाद मिळत असेल तर का करू नये? सीडी सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आली ती अशा घरांतून, आणि त्यानंतर तबकड्यांचा खप वाढत गेला. अमेरिकेत १९८८ मध्ये सीडीने एलपीला मागे टाकलं. पुढच्या दशकात चिप्स कमी वीज खाऊ लागल्या आणि दोन पेन्सिल सेलवर चालणारे प्लेअर सर्रास झाले.

दुसरा वैताग अडखळण्याचा. धक्का बसला की लेन्सचा नेम सुटे, वाट हरवे आणि गाणं मध्येच तुटे किंवा पुढे-मागे उडी मारे. ओरखड्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांचा बंदोबस्त तबकडीवरची माहिती लिहितानाच केलेला असतो. शेजारचे आकडे तिथे शेजारी ठेवत नाहीत. ते विखरून लिहितात आणि सोबत गणिती पडताळ्याचे जादा आकडेही देतात. म्हणून वाटेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरांचा तुकडा पुसला गेला तरी हरवलेला नाद हिशोबाने पूर्ण परत मिळवता येतो. मला सगळ्या सीडीतंत्रात सर्वांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट. पण लेसर वाटेवरूनच घसरला तर हे गणित काय करणार? मोटारीच्या डॅशबोर्डवर प्लेअर ठेवून, त्याची वायर कॅसेटच्या आकाराच्या जोडणीतून गाडीच्या टेपला देणाऱ्यांनी खड्ड्यागणिक हे अनुभवलं. लोक प्लेअरखाली उशी ठेवत, मांडीवर घेत, हातात तोलून धरत.

इलाज आला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, स्मृतीच्या चिपच्या रूपाने. तबकडी दुप्पट वेगाने फिरवायची, गाणं आधीच वाचून चिपमध्ये साठवायचं आणि कानाला त्या साठ्यातून द्यायचं. धक्क्याने नेम सुटला तरी साठा संपेपर्यंत लेन्सला वाट पुन्हा शोधायला वेळ मिळतो. किती वेळ, हे साध्या गुणाकाराने निघतं. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, डावा-उजवा असे दोन आवाज, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. त्या वेळच्या ४ मेगाबिटच्या चिपमध्ये जेमतेम तीन सेकंदांचं संगीत मावे. जाहिरातींतले ‘३ सेकंद’ आले ते इथून. पुढे १६ मेगाबिटच्या चिपने ‘१० सेकंद’ आणले आणि नाद दाबून साठवण्याच्या युक्तीने ४० सेकंदही. चालणाऱ्याचं काम पहिल्या टप्प्यातच भागलं. पळणाऱ्याला तीन सेकंद पुरत नव्हते, कारण पाऊल सतत आपटत राहतं आणि लेन्सला स्थिर क्षण मिळतच नाही.

या सोयीची किंमतही गिऱ्हाइकांनीच ओळखली. सुरुवातीच्या यंत्रांत दुप्पट वेगामुळे सेल लवकर संपत. जिथे नाद दाबून साठवला जाई तिथे चोखंदळ कानांना फरक जाणवे. म्हणून पुष्कळ प्लेअरांवर ही सोय बंद करायचं बटण दिलेलं असे, आणि घरात बसून ऐकणारे जाणते लोक ती बंदच ठेवत.

भारतात हे प्लेअर बहुतेक करून सामानातून आले. आखातात, सिंगापुरात किंवा अमेरिकेत असलेल्या भावाने, मामाने, जावयाने आणलेले. पुढे मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि हिरा-पन्नात मिळू लागले. आपल्याकडची पहिली दुर्घटना प्लेअरची नसे, अडॅप्टरची असे. जपानची वीज १०० व्होल्टची, अमेरिकेची १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. मोठ्या कौतुकाने आणलेल्या वस्तूचा अडॅप्टर पहिल्याच संध्याकाळी जळाल्याच्या हकिकती अनेक घरांत आहेत. दुसरा शत्रू दमट हवा. थंडगार वातानुकूलित खोलीतून प्लेअर एकदम बाहेरच्या उकाड्यात आणला की लेन्सवर बाष्प धरतं आणि तबकडी आत असूनही पडद्यावर ‘तबकडी नाही’ असा निरोप येतो. अशा वेळी तबकडी काढून तासभर थांबावं, असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात ही सूचना फार मोलाची होती. धुळीने मात्र शेवटी लेन्स मंदावे, आणि दुरुस्तीवाला ‘लेन्स गेली’ एवढे दोनच शब्द बोले. त्या दोन शब्दांत पुष्कळदा अख्ख्या प्लेअरच्या किमतीचा निकाल असे.

शेवटचा टप्पा एमपी३चा. २०००च्या सुमारास फिलिप्सच्या एक्सपॅनियमसारखे प्लेअर आले. ते साध्या सीडीबरोबर एमपी३ फाइली भरलेली सीडीही वाजवत. ६५० मेगाबाइटच्या तबकडीत, सेकंदाला १२८ किलोबिट या हिशोबाने, अकरा तासांचं संगीत बसे. शंभर-दीडशे गाण्यांची एक तबकडी, ही आपल्या पदपथांवर मिळणारी वस्तू झाली आणि लांबच्या एसटी प्रवासाला एकच तबकडी पुरू लागली. दाबलेली फाइल लहान असल्याने त्याच चिपमध्ये कितीतरी जास्त मिनिटं मावत आणि घाटातल्या वळणांवरही गाणं तुटत नसे. जी तक्रार पंधरा वर्षं चालू होती ती मिटली, आणि नेमकी तेव्हाच, ऑक्टोबर २००१ मध्ये, तबकडी बदलायची गरजच नसलेला ५ गिगाबाइटचा आयपॉड आला.

ज्यांच्या कपाटात असा एखादा प्लेअर अजून पडून आहे, त्यांना माझी विनंती आहे की तो भंगारात घालू नका. आधी आतले सेल काढा, कारण गळलेल्या सेलचा क्षार पत्रे खाऊन टाकतो. लेन्सवरची धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने हलकेच झटका. तबकडी मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल पुसू नका, कारण वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा दुरुस्त करणं त्या गणिताला जड जातं. छापील बाजूला तर जास्तच जपा. लेसरचा प्रकाश परावर्तित करणारा ॲल्युमिनियमचा थर त्याच बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. मग ‘लाइन आउट’मधून वायर काढून प्लेअर चांगल्या अॅम्प्लिफायरला जोडा आणि घरात असलेली शास्त्रीय संगीताची एखादी जुनी सीडी लावा. अशा सीडींवरची काही ध्वनिमुद्रणं आज इंटरनेटवर शोधूनही सापडत नाहीत.