वाचा की पुढे

आमच्या घरी रविवारी सकाळची कामं आटोपली, की वडील चटईवर बसून मोठ्यानं वाचायचे. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते. आठवडाभर दुसऱ्यांचे अर्ज, टिपणं आणि स्मरणपत्रं वाचणारा माणूस रविवारी पुन्हा वाचायलाच का बसतो, हे मला लहानपणी कळत नसे. पुस्तकं मात्र ठरलेली असत. चिमणराव, बाळकराम, पुढे पु. ल. आई आत पोळ्या लाटत असायची आणि तिथूनच हसायची. तिच्या हसण्यासाठी वडील एखादं वाक्य पुन्हा वाचत.

गेल्या वर्षभरात ही सगळी पुस्तकं मी प्रसिद्ध झालेल्या क्रमानं पुन्हा वाचली. 1902 मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा ‘साक्षीदार’ हा पहिला विनोदी लेख ‘विविधज्ञानविस्तारा’त आला, तिथून सुरुवात केली आणि 1990 मधल्या ‘आहे मनोहर तरी’पाशी थांबले. शेवटचं पुस्तक विनोदी नाही, तरी ते या रांगेत का आलं, ते पुढे सांगते. नोकरी, संसार आणि फजिती या तीन गोष्टींवर मराठी माणूस जवळजवळ नव्वद वर्षं हसत आला. ते हसू ज्या घरात उमटलं, त्या घराची दुसरी बाजू आपण आत्मचरित्रांच्या कप्प्यात ठेवली. माझ्या मते हे कप्पे वेगळे करण्यात आपली फार मोठी चूक झाली.

कोल्हटकर पेशानं वकील. अकोला, खामगाव, जळगाव-जामोद या भागात त्यांनी वकिली केली. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ही त्यांची तिकडी रूढींची टर उडवायला निघालेली आहे. त्यांना आपल्याला हसवायचं आहे आणि सुधारायचंही आहे. सुधारणेचा तो आवेश खरा होता, म्हणूनच ‘सुदाम्याचे पोहे’ मराठी विनोदाचा पाया ठरले. पण त्यात पोटाची काळजी फारशी दिसत नाही. सुदाम्याला उद्या कामावर जायचं आहे, असं कधी वाटतच नाही.

त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी ‘बाळकराम’ या नावानं लिहीत. भाषेवरची त्यांची हुकमत अशी, की आजही एकेक परिच्छेद वाचताना दम लागतो. ‘ठकीचे लग्न’ आमच्या घरी हमखास वाचलं जाई. यंदा ते वाचताना मात्र मी मध्येच थांबले. कुरूप ठरवलेल्या मुलीला स्थळ शोधण्याची ती धांदल आहे. बाप बोलतो, मित्र बोलतात, सगळे बोलतात. ठकी बोलत नाही. लग्नाच्या बाजारातला तो अपमान ज्याच्या पोटी मुलगी आहे त्याचा आहेच, पण सगळ्यात आधी तो ठकीचा आहे. गडकऱ्यांच्या प्रतिभेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. 1919 मध्ये, पस्तिशीही गाठायच्या आत गेलेल्या या माणसानं किती लिहून ठेवलं! तरीही ठकीचं गप्प बसणं मला आता सोसत नाही.

मग चिं. वि. जोशी. हे बडोद्याला पाली भाषेचे अध्यापक आणि पुढे संस्थानच्या दप्तरखात्यात अधिकारी. जातककथांच्या अभ्यासात आणि जुन्या दप्तरांच्या गठ्ठ्यांत आयुष्य घालवलेल्या या विद्वानानं पुण्याच्या पेठेतला एक भित्रा, कृश, सज्जन कारकून जन्माला घातला. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ 1932 चं आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ 1933 चं. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या कोट्यांचा सोस इथे संपतो. चिमणराव साध्या बोलीत स्वतःची हकिगत सांगतात. खरं बोलायचं व्रत घेतात आणि तोंडावर पडतात. प्रत्येक बेत फसतो आणि दणकट गुंड्याभाऊ मदतीला आला, की आणखी फसतो. घरात काऊ आहे, मोरू आहे, मैना आहे. खर्चाची ओढाताण आहे आणि साहेबाची भीती आहे.

मराठी विनोदात पहिल्यांदाच पगारावर जगणारा माणूस प्रथमपुरुषी एकवचनात बोलू लागला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तो जगाची टर उडवत नाही. आपली फजिती लपवायला जातो आणि ती आपोआप उघडी पडते. म्हणूनच चिमणराव दर पिढीला नव्यानं सापडत गेले. 1940 मध्ये मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ काढला, 1942 मध्ये ‘सरकारी पाहुणे’ आला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या आळीत तेव्हा एकाच घरी टीव्ही होता. मालिकेच्या वेळी त्या घरातली जमीन दिसत नसे.

एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बढत्यांची यादी लागली होती आणि तीत वडिलांचं नाव नव्हतं. त्यांच्या मागून नोकरीला लागलेल्या दोघांची होती. त्यांनी घरी येऊन हातपाय धुतले, डबा मोरीत ठेवला आणि रविवार नसताना ‘चऱ्हाट’ उघडलं. आईला काय झालं ते कळलं होतं, कारण डबा अर्धा भरलेला होता. ते वाचू लागले. दोन पानं नीट वाचली, मग साहेबाचा उल्लेख आला आणि आवाज बसला. पुस्तक उघडंच, बोट त्या ओळीवर. स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं आई आतूनच म्हणाली, ‘‘वाचा की पुढे.’’ त्यांनी वाचलं. शेवटाला दोघंही हसले. त्या दिवशी ते पुस्तक माझ्या वडिलांच्या शेजारी बसलं होतं, असं मला आजही मनापासून वाटतं.

आता ‘चऱ्हाट’ निघालं त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. चिमणराव घराघरांत पोचत होते त्याच काळात, 1934 ते 1936 या दरम्यान लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत आली. एकीकडे कल्पित कारकुनाचा कल्पित संसार, दुसरीकडे एका बाईनं खरोखर निभावलेला. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई, माहेरची मनू गोखले. माहेरी वडिलांचं सोवळं पराकोटीचं. अकरा-बारा वर्षांची असताना लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. कवी, वक्ता, उदार, तापट आणि एका जागी न टिकणारा माणूस. नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी भ्रमंती, आज नोकरी आहे तर उद्या नाही. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं टिळकांना बायबल वाचायला सुचवलं आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरी बायको आणि लहान मुलगा. पुढची पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. मग ती नगरला त्यांच्याकडे आली आणि 1900 मध्ये, आपल्या बुद्धीला पटल्यावर, तिनंही तो धर्म स्वीकारला.

या मजकुरावर दुसऱ्या कुणी छाती पिटली असती. लक्ष्मीबाई वाक्य लहान ठेवतात, आवाज चढवत नाहीत आणि नवऱ्याचा उल्लेख सबंध पुस्तकभर ‘टिळक’ असा करतात. त्या एका शब्दात आदर आहे, अंतर आहे, लाड आहे आणि कधी कधी कपाळावर हात मारणंही आहे. टिळकांचं रागावून निघून जाणं, घरात काही नसताना पाहुणे आणणं, परमार्थासाठी प्रपंच वाऱ्यावर सोडणं हे त्या सांगतात आणि वाचणारा हसतो. हसता हसता त्याच्या ध्यानात येतं, की त्या दिवशी चूल कशी पेटली हेही बाईंनी सांगितलेलं आहे. स्वतःच्या भाबडेपणाची, सोवळ्याच्या खुळाची, चुकांची हकिगतही त्या तितक्याच मोकळेपणानं देतात. प्रेमाचं इतकं पूर्ण चित्र मराठीत दुसरं नाही, असं मी बिनदिक्कत म्हणते. माणसाचे सगळे दोष दाखवूनही तो आपल्याला आवडत राहतो. हे विनोदाचं सर्वांत अवघड काम, आणि ते या बाईंनी केलं. ‘संजीवनी’तून हकिगत छापून येऊ लागली तेव्हा त्या वृद्ध होत्या. पुस्तक पुरतं हातावेगळं होण्याआधीच, फेब्रुवारी 1936 मध्ये, त्या गेल्या.

तरीही मराठी विनोदाच्या इतिहासात लक्ष्मीबाईंचं नाव सहसा येत नाही. तिथे कोल्हटकर, गडकरी, चिं. वि., अत्रे, पु. ल. अशी सरळ रेघ मारली जाते. शकुंतला परांजपे यांचंही तेच झालं. केंब्रिजला गणित शिकलेली, ‘कुंकू’ चित्रपटात सावत्र मुलीचं काम केलेली, परदेशी चित्रकाराशी झालेलं लग्न मोडल्यावर मुलीला एकटीनं वाढवणारी आणि संततिनियमनासाठी गावोगाव फिरणारी ही बाई ‘भिल्लिणीची बोरे’ आणि ‘माझी प्रेतयात्रा’ अशा नावांची पुस्तकं लिहिते. स्वतःच्या आयुष्याकडे इतक्या निर्भयपणे पाहणारी लेखणी आपण नीट जपली नाही.

आचार्य अत्र्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’चे पाच खंड मी भराभर वाचून काढले. झपाटून टाकतात, पण त्यांचं अपयश फार वेळ अपयश राहत नाही. पुढच्या पानावर त्याचा पराक्रम होतो. जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ मात्र सावकाश वाचलं. कोकणातल्या गावातली ती वाया गेलेली, अडून बसलेली, जगाला नकोशी झालेली माणसं दळवी इतक्या जवळून दाखवतात, की हसणं आणि घशाशी येणं एकाच ओळीत घडतं. द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील यांनी विनोद गावाकडे नेला, पारावर बसवला. कथाकथनाला त्या काळी गावोगाव होणारी गर्दी हीच त्यांची पावती.

आणि पु. ल. ‘बटाट्याची चाळ’ 1958 चं, ‘असा मी असामी’ 1964 चं. धोंडो भिकाजी जोशी हा गिरगावातल्या चाळीत वाढलेला कंपनीतला कारकून. हे आत्मचरित्र आहे, पण ज्याचं आत्मचरित्र कुणी लिहिणार नाही अशा माणसाचं. काळ त्याला ढकलत पुढे नेतो. धोतर जातं, पॅन्ट येते. चाळ जाऊन ब्लॉक येतो. मुलं वेगळंच बोलू लागतात. त्यानं काही मिळवलेलं नाही आणि फारसं काही गमावलेलंही नाही. चिमणराव धडपडून पडतात. धोंडोपंत उभे असतात आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकत असते. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईतल्या मध्यमवर्गाचं इतकं खरं चित्र मला कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात सापडलं नाही. आमच्याकडे त्याची कॅसेट होती. ऐकून ऐकून फीत सैल झाली, की वडील पेन्सिल घालून ती गुंडाळायचे. निवृत्तीनंतर ते ती रोज दुपारी लावत. आपण जे जगलो ते सांगण्याजोगं होतं, हे त्यांना त्या आवाजानं सांगितलं, असं मला वाटतं.

या विनोदाला एक आधार होता, तेही म्हटलं पाहिजे. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार, लहान का होईना पण डोक्यावर छप्पर आणि चारचौघांत मान. पडलो तरी फार खाली जाणार नाही, ही खात्री असल्यावर पडण्याची गोष्ट हसत सांगता येते. 1978 मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि ज्यांना ती खात्री कधीच नव्हती, त्यांच्या आठवणी वाचायला मिळाल्या. ते पुस्तक वाचल्यावर चाळीतल्या फजितीचं माप बदलतं. ती खोटी ठरत नाही, पण तिचा आकार कळतो.

बारा वर्षांनी सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं. 12 जून 1946 ला रत्नागिरीत झालेलं त्यांचं पु.लं.शी लग्न, त्यांच्याबरोबरची चव्वेचाळीस वर्षं, आणि जो माणूस सगळ्या महाराष्ट्राला हसवत होता त्याच्या घरातला रोजचा दिवस. पुस्तकावर गदारोळ झाला. आपल्या लाडक्या लेखकाच्या बायकोनं असं लिहावं का, असं लोक विचारत होते. माझ्या वडिलांनाही ते आवडलं नव्हतं. मी तेव्हा त्यांच्या बाजूनं होते, आता नाही. सुनीताबाईंनी उणीदुणी काढलेली नाहीत, त्यांनी हिशेब लिहिला आहे आणि त्यात स्वतःच्या बाजूची बाकीही सोडलेली नाही. एका माणसाला हसवण्याची मोकळीक मिळावी म्हणून दुसऱ्यानं काय काय सांभाळलं, हे त्यात आहे. म्हणून ते या रांगेत आलं. ‘असा मी असामी’च्या शेजारी ते ठेवलं, की दोन्ही पुस्तकं अधिक खरी वाटतात.

वडील गेल्यावर आई एकटीच वाचू लागली, मनातल्या मनात. एका दुपारी ती ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मोठ्यानं हसली. मी विचारलं, काय झालं. तिनं बोट ठेवून पान दाखवलं. टिळकांनी पुन्हा काहीतरी करून ठेवलं होतं. चष्मा पुसत ती म्हणाली, ‘‘बघ, हिनं सगळं लिहून ठेवलंय. त्या यादीच्या दिवशी घरात किती पैसे होते माहितीये तुला? अकरा रुपये. आणि महिन्याची वीस तारीख.’’ मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिला ते कुणी विचारलं नव्हतं. मी वही आणली आणि तिच्यासमोर बसले.