ग्रंथ वाचकाच्या वाटेवर

ग्रंथालयाचे दार उघडले म्हणजे ज्ञान सर्वांना मिळाले, असे आपण समजतो. केनियाचा अनुभव निराळा आहे. नैरोबीचे मॅकमिलन ग्रंथालय १९३१ साली उघडले. पण १९५८ पर्यंत ते गोऱ्यांपुरतेच होते. पुढे वर्णाची अट गेली, अंतर मात्र राहिले. गारिसाकडील रुक्ष मुलखात पशुपालक कुटुंबे चाऱ्यापाण्यासाठी फिरत असतात. त्यांनी ग्रंथालय गाठावे तरी कसे? म्हणून १९९६ साली तेथील राष्ट्रीय ग्रंथालय सेवेने पुस्तकांच्या पेट्या उंटांच्या पाठीवर चढविल्या. २०१० च्या राज्यघटनेने नागरिकांना माहितीचा हक्क दिला. २०१६ साली तसा कायदाही झाला. परंतु हक्क माणसापर्यंत पोचविण्यास कोणाला तरी वाट तुडवावी लागते. आपल्या ग्रंथालयांचा हिशेबही, आम्हांस वाटते, दारापर्यंत न येणाऱ्यांपासून मांडला पाहिजे.