‘उत्तेजक’ : शब्द, पदार्थ आणि पाचवे शील

पंचशीलावरील प्रवचन संपल्यावर उपासक-उपासिकांकडून एक प्रश्न हमखास येतो. दारू पाचव्या शीलाने वर्ज्य आहे, हे सर्वांना मान्य असते. पण मग चहाचे काय? तंबाखूचे काय? ‘तीही नशाच’ असे एक जण म्हणतो. ‘ती फक्त उत्तेजक आहेत, मादक नव्हेत’ असे दुसरा म्हणतो आणि त्या आधारावर तंबाखूची डबी निर्धास्तपणे खिशात ठेवतो. या वादाचे अर्धे मूळ शब्दांच्या गोंधळात आहे. म्हणून ‘उत्तेजक’ या शब्दाचा अर्थ व त्याचा रोजच्या व्यवहारातील वापर प्रथम तपासून पाहणे उचित ठरेल.

शब्दाची घडण

‘उत्तेजक’ हा शब्द ‘तिज्’ या धातूपासून बनला आहे. तिज् म्हणजे तीक्ष्ण करणे, धार लावणे. ‘तेज’ व ‘तीक्ष्ण’ हे शब्द याच धातूचे. आणि सहनशीलता या अर्थाचा ‘तितिक्षा’ हा शब्दही त्याचाच. मराठीत ‘उत्तेजन’ हा शब्द दीर्घकाळ चांगल्याच अर्थाने वापरला गेला. स्पर्धेत पहिला क्रमांक हुकलेल्या विद्यार्थ्याला आपण उत्तेजनार्थ पारितोषिक देतो. पुण्यातील वक्तृत्वोत्तेजक सभा व महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था यांच्या नावांतील ‘उत्तेजक’ म्हणजे प्रोत्साहन देणारा.

पाली वाङ्मयात तर या शब्दाला विशेष मानाचे स्थान आहे. भगवान बुद्धांच्या उपदेशाचा श्रोत्यांवर काय परिणाम झाला, हे सांगताना सुत्तांमध्ये चार क्रियापदे वारंवार एकत्र येतात : सन्दस्सेति, समादपेति, समुत्तेजेति, सम्पहंसेति. म्हणजे धम्म दाखवून देणे, तो स्वीकारावयास लावणे, त्यासाठी उत्साहित करणे आणि आनंदित करणे. यातील तिसरे क्रियापद आपल्या ‘उत्तेजना’चे जवळचे आप्त आहे. बोथट झालेल्या चित्ताला विचाराने धार लावणे, हा त्याचा आशय.

वैद्यकातील ‘उत्तेजक’ मात्र निराळ्या घरातून आला. तो इंग्रजी ‘स्टिम्युलंट’चा पर्याय आहे आणि त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘स्टिम्युलस’ आहे. त्याचा मूळ अर्थ बैलाला टोचावयाची पराणी. अशा रीतीने धार लावणे आणि पराणी टोचणे या दोन अगदी भिन्न क्रिया मराठीत एकाच शब्दाच्या पोटात आल्या. विळ्याला धार लावली की विळा सुधारतो. पराणी टोचली की बैल चालतो, पण त्याचे पोट भरत नाही.

मादक आणि उत्तेजक

औषधशास्त्रात उत्तेजक म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेचे कार्य काही काळ वाढविणारा पदार्थ. चहा-कॉफीतील कॅफीन, तंबाखूतील निकोटीन, तसेच एफेड्रीन, ॲम्फेटामीन व कोकेन हे सारे या वर्गात मोडतात. अर्थात त्यांच्या घातकतेत महदंतर आहे. याउलट मद्यार्क व अफू मज्जासंस्थेला मंद करतात. दारू प्यालेला मनुष्य आरंभी बडबडा व धीट दिसतो, त्यावरून दारूने हुशारी येते असा समज आहे. तो चुकीचा आहे. मेंदूतील संयमाचे कार्य प्रथम ढिले पडते, म्हणून तो धीट दिसतो.

कॅफीनचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते व त्यायोगे झोपेची जाणीव होते. कॅफीन या द्रव्याच्या कार्याची जागाच अडवून बसते. थकवा नाहीसा होत नाही. थकल्याचा निरोप तेवढा पोचत नाही. कॅफीनचा परिणाम ओसरला की तो निरोप पुन्हा दाराशी उभा असतो.

वृत्तपत्रांच्या भाषेत हा भेद राहत नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये धावपटू बेन जॉन्सन याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. त्याच्या शरीरात सापडलेले स्टॅनोझोलॉल हे स्नायूंची वाढ करणारे स्टेरॉइड होते, उत्तेजक नव्हे. १९९४ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत मॅराडोना दोषी ठरला तो एफेड्रीनमुळे, आणि ते खरोखरच उत्तेजक आहे. पण क्रीडापानावर असे कोणतेही प्रकरण ‘उत्तेजक द्रव्य सेवन’ या एकाच नावाने छापले जाते. कायद्याची विभागणी आणखी वेगळी. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्यात कोकेन अफूबरोबर एकाच गटात मोजले आहे. औषधशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते उत्तेजक आहे. तेव्हा एखाद्या पदार्थावर कोणती चिठ्ठी लावली आहे, यावरून शीलाचा निर्णय करता येणार नाही.

शीलाची कसोटी

पाचव्या शीलातील शब्द पाहू. सुरा म्हणजे पीठ, भात इत्यादी आंबवून केलेले मद्य. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले. मज्ज म्हणजे मद आणणारे. त्यापुढचा ‘पमादट्ठान’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. पमाद म्हणजे बेसावधपणा, ठान म्हणजे कारण. मद्य वर्ज्य का, याचे उत्तर शीलातच दिलेले आहे.

विनयपिटकात सागत थेरांची कथा येते. एका उग्र नागाला वश करणारे हे समर्थ भिक्खू. कोसंबीच्या उपासकांनी कौतुकाने घरोघरी मद्य पाजल्यावर ते नगरद्वारापाशी कोसळले, आणि विहारात आणून निजविल्यावर आपले पाय तथागतांच्या दिशेने करून पडले, याचेही भान त्यांना उरले नाही. एवढे सामर्थ्य गेले कोठे? सावधानता गेली, तिच्याबरोबर गेले. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, लज्जाहानी आणि प्रज्ञेची दुर्बलता.

या कसोटीवर प्यालाभर चहा ‘मज्ज’ ठरत नाही. जपानमधील भिक्खू ऐसाई (११४१–१२१५) यांनी तर चहाच्या आरोग्यदायी गुणांवर ग्रंथ लिहिला, आणि तेथील विहारांत ध्यानाच्या वेळी झोप येऊ नये म्हणून चहा घेतला जाई. पण ‘मज्ज नाही’ म्हणजे ‘निर्दोष’ असे नव्हे. मराठीत ‘अंमल’ म्हणजे नशा आणि ‘अंमल’ म्हणजे राज्यही. ज्या पदार्थाची तलफ आली की हातातले काम सुटते, घरात चिडचिड होते, मुलाच्या वहीचे पैसे पुडीवर खर्च होतात, त्याचा आपल्यावर अंमल चालू आहे. मग औषधशास्त्र त्यास काहीही म्हणो. तंबाखूची गोष्ट तर याहून गंभीर आहे. तिने कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. सुपारी कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. शीलाच्या शब्दांत तंबाखूचे नाव नाही, कारण ती भारतात पोर्तुगीजांमार्फत फार पुढे आली. पण शब्दांतील या पळवाटेने फुप्फुसे आणि जबडा वाचत नाही.

पराणी कोणाच्या हातात?

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. उन्हात खुरपणी करणारी बाई सकाळी मिश्री लावते, ती चैन म्हणून नव्हे. तंबाखूने भूक मरते. रात्रपाळीचा कामगार चहावर चहा घेतो, कारण त्याला झोपण्याची सवड नाही. अशा ठिकाणी उत्तेजक पदार्थ अन्नाची आणि विश्रांतीची जागा घेतो, आणि शरीराची तक्रार दाबून टाकतो. अशा माणसाला व्यसनी म्हणून हिणवणे सोपे आहे. ते धम्माला धरून नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, त्याचे विधेयक बाबासाहेबांनीच मांडले होते. थकलेल्या कामगाराला हवी असते ती विश्रांती, ही त्यामागची जाणीव. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञाही आहे. परिस्थिती बदलण्यासाठी कायदा आणि स्वतःला सावरण्यासाठी शील, अशी ही जोडी आहे.

मग मरगळ घालवावी कशी? एकदा महामोग्गल्लान साधनेला बसले असता पेंगू लागले, तेव्हा तथागतांनी त्यांना क्रमाने उपाय सांगितले : ऐकलेल्या धम्माचे चिंतन करावे, तो मोठ्याने म्हणावा, कान ओढून अंग चोळावे, उठून डोळ्यांना पाणी लावून आकाशातील तारे पाहावेत, प्रकाशाची भावना करावी, येरझारा घालाव्यात, आणि एवढ्यानेही झोप हटली नाही तर उजव्या कुशीवर सावधपणे निजावे. शेवटचा उपाय झोप हाच आहे, हे लक्षात घ्यावे. पाय रक्तबंबाळ होईतो चालत राहिलेल्या सोणाला त्यांनी वीणेचा दृष्टांत दिला. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. वीर्य हवे, पण ते समतोल हवे.

तेव्हा पुढच्या वेळी ‘हे उत्तेजक आहे, मादक नाही’ असे कोणी म्हणाला, तर वाद घालू नये. एवढेच विचारावे : याने तुमच्या चित्ताला धार आली, की नुसती पराणी टोचली गेली? याचे उत्तर ज्याचे त्याला ठाऊक असते.