दोन पाजण्यांमधली मेथी

पहाटे ५.१०
पहिलं पाजणं. बाळ साडेचार महिन्यांचं आहे. ती भिंतीला टेकून बसली आहे, मांडीवर गोधडीची घडी, हाताशी पाण्याचा तांब्या. पाजायला घेतलं की तहान लागते, म्हणून तांब्या आधी भरून ठेवायचा, हे माहेरी आईनं शिकवलं. नवरा डबा घेऊन बाहेर पडतोय. जेजुरीच्या एमआयडीसीत कामाला आहे, पहिली पाळी. डबा सासूबाईंनी केला. ती त्यांना आत्या म्हणते.

गाव पुरंदर तालुक्यातलं, सासवडच्या अलीकडे, कऱ्हेच्या काठाला. घरची दीड एकर जमीन, त्यात कांदा आणि गुरांसाठी घास. विहिरीला लागून दहा गुंठे आहेत, ते लग्न झाल्यापासून हिच्याकडे. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक. बांधाला कढीपत्ता आणि मिरचीची चार झाडं. आज तिथे मेथीची काढणी आहे. बाळंतपणानंतरची पहिली.

सकाळी ७.००
बाळ झोपलं. पुढचं पाजणं नऊच्या आसपास. म्हणजे हातात दोन तास.

साडीवर ती नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवते, डोक्याला फडकं बांधते आणि निघते. मळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, बाळ रडलं तर ऐकू येतं. तिनं आज मुद्दाम विचारून घेतलं, "आत्या, खिडकी उघडी आहे ना?"

सातव्या महिन्यात ती माहेरी गेली. सिझर झालं. सव्वा महिना खोलीत, मग बारसं, मग शेक-शेगडी. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सासरी आली, तेव्हा मळ्यात हरळी आणि लव्हाळा माजलेला होता. हरळी वरून कापून मरत नाही, तिची मुळी जमिनीखालून चालते. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात. एक राहिली तरी चार फुटतात. कडेला गाजर गवत कमरेएवढं.

दहाच्या दहा गुंठ्यांना हात घालायचा नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं. दोन गुंठे घेतले. उरलेल्या आठांत सासऱ्यांनी कडवळ टाकलं, त्याला माणूस कमी लागतं. शेजारचा पॉवर टिलर तासभर आणला, ४०० रुपये. मागून हरळीच्या मुळ्या वेचायच्या होत्या, त्या मात्र हातानंच. उकिडवं बसून टाक्यांवर ओढ बसते, म्हणून ती लाकडी पाटावर बसून सरकत सरकत वेचायची. भरलेलं घमेलं उचलायचं नाही. अर्धं भरायचं आणि दोन खेपा करायच्या. डॉक्टरांनी सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका म्हणून सांगितलं होतं. सहा आठवडे कधीच सरले, अर्ध्या घमेल्याचा नियम तिनं ठेवला आहे.

मेथी या भागात बहुतेक जण वाफ्यात बी फेकून करतात. हिनं यंदा ओळीत पेरली. दोन ओळींत वीतभर जागा. कारण साधं आहे, ओळींमधलं तण उभ्यानं निघतं. सायकल कोळपं घेतलंय. पुढे एक चाक, मागे पास, दोन्ही हातांनी ढकलत जायचं. १,८०० रुपये पडले. मातृ वंदना योजनेचा पहिला हप्ता ३,००० आला होता, त्यातून घेतलं. मला तिच्या सगळ्या हिशेबात हा खर्च सगळ्यात शहाणपणाचा वाटला. खुरप्यानं जे काम कंबर मोडून अर्धा दिवस घेतं, ते ती सरळ उभी राहून तासाभरात करते.

आत्ता ती कोथिंबिरीच्या वाफ्यात कोळपं चालवते आहे. मेथीवर दव आहे, तिला दुपारपर्यंत हात लावायचा नाही.

सकाळी ८.३०
लाइट आली. या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची आहे, पुढच्या आठवड्यात रात्रीची. सासरे मोटर चालू करून येतात आणि दारं धरतात. फावड्यानं पाटाची माती ओढून एक वाफा बंद, दुसरा उघडा. हे काम पूर्वी तिचंच होतं. "ओल्या मातीचं फावडं पोटावर येतं," ती म्हणते. सासऱ्यांना कुणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनीच फावडं हातातून घेतलं.

सकाळी ९.०५
घरातून आवाज येतो. बाळाचा आधी, आत्यांचा मागून. "ये गं, उठलंय!"

ती धावत नाही. आधी शर्ट काढून बांधावरच्या काठीला अडकवते. गाजर गवताची कूस अंगाला लागली की खाज सुटते, तो शर्ट घरात न्यायचा नाही. मग नळावर कोपरापर्यंत साबण. नखांतली माती काडीनं. तोवर ब्लाउज भिजलेला असतो, पान्हा रडण्याच्या आवाजानंच सुटतो. सगळं मिळून पाच मिनिटं जातात. बाळाला ती फार वाटतात, तिलाही.

पाजणं, ढेकर, लंगोट. मग अंघोळ आत्या घालतात. त्यात तिला लुडबुड करू देत नाहीत.

सकाळी ११.४०
ती पुन्हा वाफ्यात. बाळ आंब्याखाली झोळीत, जुन्या लुगड्याची झोळी. फांदीवरून मुंग्या उतरतात म्हणून दोरीला वरच्या बाजूला रॉकेलचा बोळा बांधलेला. शेजारी आत्या लसूण सोलताहेत.

फोन वाजतो. पलीकडच्या वावरातले दीर आहेत, भावकीतले. "वहिनी, कांद्यावर फवारणी घेतोय. वारं तुमच्याकडं आहे. बाळाला आत न्या."

"नेते भावजी. किती वेळ?"

"चार पंप आहेत. जेवून या निवांत."

झोळी सुटते, बाळ घरात, खिडकी बंद. तीही आत. तिच्या हातचं काम अर्धं राहिलं. पण त्या फोनसाठी मी त्या गड्याला मनातून दाद दिली. सगळ्या वावरांत असं कळवून फवारत नाहीत.

तिनं या वर्षी वांगी का लावली नाहीत, तेही याच वेळी कळलं. वांग्याचा पैसा मेथीपेक्षा बरा, महिनोन्‌महिने चालतो. पण शेंडा आणि फळ पोखरणारी अळी पडते, फवारे मारत राहावं लागतं. अंगावर पाजणाऱ्या बाईनं पाठीवर पंप घ्यायचा नाही, असं तिचं तिनंच ठरवलं. मेथीवर मावा दिसला तर निंबोळी अर्क. महिन्याभरात पीक निघतं, म्हणजे फसलं तरी महिन्याचंच नुकसान.

दुपारी १२.३०
भाकरी, मेथीची परतून भाजी, ताक, अळिवाची वाटीभर खीर. जेवणानंतर लोहाची गोळी. कॅल्शियमची रात्री. दोन्ही एका वेळी घ्यायच्या नाहीत, आशा सेविकेनं बजावलंय. मग पाजणं, आणि बाळाबरोबर तिचीही झोप. रात्री दोनदा उठावं लागतं, ही झोप ती चुकवत नाही.

दुपारी २.३०
ओसरीवर धने. अख्खा धना पेरला तर उगवण उशिरा आणि विरळ होते, म्हणून तो रगडून दोन फाकी करायच्या. फरशीवर पसरून ती वरून चपलेनं हलक्या हातानं रगडते. जोर जास्त झाला तर चुरा. मग पाखडून पाण्यात भिजत. मेथी निघाल्यावर उद्या त्याच वाफ्यात हे जाणार.

दुपारी ३.००
शेजारची मावशी आली. तीन ते सात, २०० रुपये. दोघी मिळून मेथी उपटतात. पाणी काल दिलेलं, माती भुसभुशीत, मुळासकट सहज येते. झटकायची, पिवळं पान काढायचं, बुडखे एका पातळीत, सुतळीचा वेढा. दोन मुठींची एक जुडी. मावशीचा हात सरावलेला आहे. हिच्या दोन जुड्या होतात तोवर तिच्या तीन.

"सवय गेली गं तुझी," मावशी म्हणते.

"येईल मावशी. बोटं आखडतात सकाळची."

"पहिल्या खेपेला माझीही आखडायची. कोमट पाण्यात बुडव, आणि ओल्यात फार बसू नको."

५.०५ ला झोळी हलते. पुन्हा साबण, पुन्हा नखं. या वेळी घरी न जाता आंब्याच्या बुंध्याला टेकून, पदराखाली. समोर मावशीचा हात चालूच आहे. या अर्ध्या तासाचे पैसे मावशीला मिळतात, हिला नाहीत. ती तशी नोंदही ठेवते, ते रात्री दिसलं.

संध्याकाळी ६.५०
१५० जुड्या झाल्या. दोन मावशीला, दोन फोन करणाऱ्या दिरांकडे, सहा घरात आणि आळीत. १४० ओल्या बारदानात. टेम्पो दिवे घाटातून पुण्याला जातो, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. जुडीमागे एक रुपया भाडं. ती बारदानावर शाईनं सासऱ्यांचं नाव घालते. गाळ्यावर खातं त्यांच्या नावाचं आहे.

रात्री ८.४५
बाळ झोपलंय. ती वही उघडते. डाव्या पानावर बाळाच्या लसी आणि पाजण्याच्या वेळा, माहेरी सुरू केलेल्या. उजव्या पानावर मळा. तिथे तिनं एक रकाना आखलाय, स्वतःच्या तासांचा. पाजायला गेलेला वेळ वजा करून लिहिते. आज साडेसहा तास. या एका वाफ्याला, हरळी वेचण्यापासून आजपर्यंत, एकूण २६.

लग्नानंतरच्या वर्षांत तिनं हे कधी लिहिलं नव्हतं. "तेव्हा दिवस सगळा माझाच होता," ती म्हणते. "आता कुठला तास कुठं गेला ते कळायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ७.२०
गाळ्यावरून विक्रीच्या पट्टीचा फोटो मोबाइलवर आला. मेथी १४० जुडी, शेकडा ९०० रुपये. रक्कम १,२६०. टेम्पो १४०. हमाली आणि किरकोळ ३५. हाती १,०८५. सासरे पट्टीचे पैसे जसेच्या तसे तिच्या हाती देतात, ही या घराची रीत आहे.

ती वहीत वजाबाकी करते. मावशीचे २००. बियाणं ८०. टिलरचा या वाफ्याचा वाटा १००. उरले ७०५. त्याला २६ नं भागते. तासाला २७ रुपये. मावशीला तासाला ५०.

हरळी या वाफ्यातून निघाली आहे, त्यामुळे पुढच्या पिकाला तिच्या अंदाजानं दहा-बारा तास पुरतील. धने भिजलेत. नऊच्या पाजण्याआधी पेरून होतील.