विमान उडण्याआधी हवा कोण सांगतो?



आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातील काकडी गावी विमानतळ आहे. त्याला शिर्डी विमानतळ म्हणतात. तो १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. विमान दिसलं की आपण सगळे मान वर करून बघतो. पण ते उडण्याआधी काय होते, हे पुष्कळांना ठाऊक नाही. म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

वैमानिक आला आणि विमान उडवलं, असं नसतं. तो आधी हवामानाची माहिती घेतो. ती भारत हवामान विभाग देतो. हा विभाग १८७५ साली स्थापन झाला. मोठ्या विमानतळांवर त्याची कचेरी असते. पूर्वी वैमानिक स्वतः कचेरीत जात, नकाशे बघत, अधिकाऱ्यांना शंका विचारत आणि कागद घेऊन विमानाकडे जात. आता बरीचशी माहिती कॉम्प्युटरवर मिळते.

त्यात काय काय असते ते सांगतो.

वारा : कोणत्या दिशेचा व किती जोराचा. विमान समोरून वारा घेऊन उडते आणि तसेच उतरते.

ढग : आभाळाचे आठ भाग धरतात, जसे भाकरीचे आठ तुकडे. चार भागांत ढग म्हणजे अर्धे आभाळ भरले. ढग किती उंचावर आहेत तेही सांगतात.

दिसणे : किती मीटर लांबचे दिसते.

हवेचा दाब : विमानातील उंची दाखवणारा काटा दाबावर चालतो. दाब चुकीचा लावला तर उंचीही चुकीची दिसते.

गडगडाटी ढग : यांच्यात विमान घालत नाहीत. लांबून वळसा घेतात.

हे सगळं ऐकून वैमानिक ठरवतो, जायचे की थांबायचे. २०१९ च्या नोव्हेंबरात शिर्डीला हवा धूसर होती. तेव्हा तिथे उतरायला पाच हजार मीटर लांबचे दिसावे लागे. तेवढे दिसेना, म्हणून कितीतरी दिवस विमाने बंद राहिली. लोकांची गैरसोय झाली. कोणी म्हणेल, “डोक्यावर ऊन पडलंय, मग विमान का नाय येत?” पण वर ऊन असले तरी लांबची धावपट्टी दिसली पाहिजे ना! विमानात किती माणसं असतात!

वैमानिक माहिती नुसती घेत नाही, देतोही. वर गचके बसले तर तो रेडिओवरून कळवतो. मग मागून येणारा सावध होतो.

आमचे आप्पा कांदा काढण्याआधी मोबाईलवर अंदाज बघतात. ते म्हणतात, “अंदाज चुकतो की रे!” मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, “अंदाज म्हणजे वचन नव्हे. म्हणून तर विमानात जादा इंधन ठेवतात. इथे उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळावर जाता येते.” मी हे आप्पांना सांगितले. ते म्हणाले, “मग आपण पण कांदा झाकायला ताडपत्री आधीच आणून ठेवू.”

तेव्हा मित्रांनो, आधी विचारावे, नीट ऐकावे आणि चुकले तर काय करायचे तेही ठरवून ठेवावे. विचारण्यात कमीपणा नाही. एवढं मोठं विमान चालवणारासुद्धा विचारतो!

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी